दमून येणारा करंट

अंकलीच्या पुलावर आमची पद्मिनी तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा मे महिन्यातले दुपारचे दोन वाजले होते. आम्ही नरसोबाच्या वाडीहून परत येत होतो. पुलाच्या तोंडाशी गाडीने दोन आचके दिले, अण्णांनी क्लच दाबून तिला कडेला घेतलं आणि ती गप्प झाली. मग नेहमीचं सगळं झालं. बोनेट उघडलं, इंजिनवरच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकलं, आई मागच्या सीटवर प्रसादाची पिशवी मांडीवर घेऊन पदराने वारा घेत बसली. पंचवीस मिनिटांनी गाडी काही झालंच नाही अशी चालू झाली आणि आम्ही घरी पोचलो.

गरम झाली की बंद, गार झाली की चालू. ज्याला विचारावं तो सांगायचा, पेट्रोलची वाफ होतेय. दोन वर्षांत आम्ही एक पेट्रोल पंप, दोन कॉइल आणि तीन कंडेन्सर बदलले होते. प्रत्येक वेळी चार-आठ दिवस बरे जायचे आणि ऊन तापलं की पुन्हा तेच. अण्णा त्या रात्री जेवताना म्हणाले, "विकून टाकू." तीस वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. त्यांनी तो पानाकडे बघत उच्चारला होता. मला झोप लागली नाही.

गाडी १९८८ ची. अण्णांनी ती गणपती पेठेतल्या एका हळदीच्या व्यापाऱ्याकडून घेतली तेव्हा मी शाळेत होते. या गाडीचं आणि सांगलीचं एक नातं आहे, ते मला फार आवडतं. ती बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी उभी केली, आणि विश्रामबागेतल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजला नाव आहे ते त्यांचंच. मी रोज त्याच कॉलेजवरून माझ्या कॉलेजला जाते. अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते.

आमचं घर गावभागात. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली आणि गाडी सीटपर्यंत पाण्यात राहिली. पाणी ओसरल्यावर एका गॅरेजने इंजिन उतरवून धुतलं, सीट नवे केले, ब्रेक केले. वायरिंग मात्र बाहेरून पुसलं आणि टेप गुंडाळली. टेपच्या आत काय होतं ते आम्हाला पुढे कळायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की पेट्रोल की करंट, एवढं तरी आपण स्वतः बघायचं. तीन रविवार दुपारी गाडी घेऊन फिरले. तिसऱ्या रविवारी ती माधवनगरच्या रस्त्यावर थांबली. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल भरपूर होतं. मग डेल्कोच्या, म्हणजे चारही प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या डब्याच्या, कॅपमधली मधली वायर काढली, प्लॅस्टिकच्या पकडीत धरून तिचं टोक इंजिनपासून पाचेक मिलिमीटरवर ठेवलं आणि अण्णांना सेल्फ मारायला सांगितलं. ठिणगी पडत होती, पण पिवळट, बारीक, दोन पडल्या तर तिसरी चुकायची. चांगली ठिणगी निळसर पांढरी असते आणि तिचा चट् असा आवाज येतो. इथे आवाजच नव्हता. म्हणजे दोन वर्षं आपण पेट्रोलवर ओली फडकी टाकत होतो आणि दुखणं करंटचं होतं.

हे कळल्यावर मी घाई केली. सीबी पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क, काढून त्या जागी बसणारी मॅग्नेटची इलेक्ट्रॉनिक किट ऑनलाइन मागवली. वर्गात इंडक्शन शिकवताना मी दरवर्षी गाडीच्या कॉइलचंच उदाहरण देते, त्यामुळे हे काम आपल्याला येतं असा विश्वास होता. तत्त्व साधं आहे. कॉइलमध्ये जाड तारेचे थोडे वेढे आणि बारीक तारेचे हजारो वेढे असतात. जाड वेढ्यांतून बॅटरीचा करंट वाहत असतो. पॉइंट उघडले की तो एकदम तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि बारीक वेढ्यांत हजारो व्होल्टचा दाब तयार होतो. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याची ही मांडणी. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये बॅटरीवरची इग्निशन, सेल्फ आणि दिवे एकत्र आले ते त्याच्यामुळे. आमच्या गाडीत शहात्तर वर्षांनंतरही तत्त्व तेच होतं. किटमध्ये फरक इतकाच की पॉइंटच्या जागी, डेल्कोत फिरणाऱ्या रोटरखाली, एक चुंबकाची कडी बसते आणि शेजारचं मॉड्यूल तिच्या इशाऱ्यावर करंट तोडतं. घासणारं, जळणारं काही नाही. पॉइंट जळू न देणारा कंडेन्सरही लागत नाही.

रविवारी सकाळी बसवली. लाल वायर कॉइलच्या प्लसला, काळी मायनसला. ही उलटी झाली तर मॉड्यूल क्षणात जळतं, म्हणून तीनदा बघितलं. सेल्फ मारला. इंजिन फिरत राहिलं, पेटलं नाही. पुन्हा मारला, तेच. पण एक गोष्ट विचित्र होत होती. किल्ली सोडली की सोडता सोडता इंजिन एक फटका द्यायचं, जणू आता पेटणार, आणि थांबायचं. दहा वेळा करून बघितलं, दहाही वेळा सोडतानाच फटका. बॅटरी उतरायला लागली तेव्हा थांबले.

शंभर फुटी रस्त्यावर एक वायरमन आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात. ट्रॅक्टर, जीप, उसाचे ट्रक, सगळ्यांची वायरिंग करतात. मी त्यांना ती फटक्याची गोष्ट सांगितली. त्यांनी किटकडे बघितलंसुद्धा नाही. बोनेटपाशी उभे राहिले, किल्ली ऑन करायला लावली, डॅशबोर्डखाली हात घालून किल्लीच्या पाठीमागे बोट लावलं आणि म्हणाले, "ताई, हात लावून बगा."

किल्लीची पाठ कोमट होती.

"करंट येतोय, खरं दमून येतोय," मामा म्हणाले. "सेल्फ मारला की बॅटरीचा सगळा जोर सेल्फ खातंय. हिकडं किटला काय उरंना. किल्ली सोडली की सेल्फ सुटतंय आन् तेवढ्यात किटला जीव येतोय. तवा फटका."

मी दुसरं काही न बोलता मीटर काढला. हे मी वर्गात शिकवते आणि माझ्याच गाडीवर करून बघायचं मला सुचलं नव्हतं. आम्ही किट काढून पुन्हा पॉइंट बसवले, पॉइंट मिटलेले राहतील असं इंजिन फिरवून ठेवलं, किल्ली ऑन केली आणि एकेक टप्पा मोजत गेलो. बॅटरीवर १२.४ व्होल्ट. कॉइलच्या प्लसवर ९.२. वाटेत ३.२ व्होल्ट गळले होते. कुठे गळले ते शोधायला मीटरचं एक टोक तुकड्याच्या या बाजूला आणि दुसरं त्या बाजूला लावायचं. वायर निरोगी असेल तर मीटर जवळपास शून्य दाखवतो. बॅटरीपासून किल्लीपर्यंत ०.७ निघाले, किल्लीच्या आतच १.३, आणि किल्लीपासून कॉइलपर्यंत १.२. मायनसच्या बाजूलाही, पॉइंटपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत, ०.६ व्होल्ट हरवत होते. म्हणजे कॉइलच्या वाट्याला ८.६ व्होल्ट.

आमच्या कॉइलचा रेझिस्टन्स साधारण ३ ओहम. पूर्ण दाब मिळाला तर तिच्यातून चार अँपिअरच्या आसपास करंट जायला हवा, जात होता तीनपेक्षाही कमी. आणि कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ठिणगीची ताकद निम्म्याहून खाली आली होती. त्यात उन्हात कॉइल तापली की तांब्याचा रेझिस्टन्स आणखी वाढतो. सकाळच्या गारव्यात निम्म्या ताकदीवर गाडी कशीबशी चालायची, दुपारी तेवढीही उरायची नाही. दोन कॉइल आम्ही उगाच बदलल्या होत्या. त्या कॉइलमध्ये काहीही दोष नव्हता. त्या मी नंतर मामांना दिल्या, त्यांनी त्या एका जीपला लावल्या आणि ती जीप चालते आहे.

मामांनी डॅशबोर्डच्या मागची टेप सोडली. पुराचा गाळ आत वाळून बसला होता, करड्या पिठासारखा. जोडणीच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. एका वायरचं वरचं कव्हर धड दिसत होतं, पण ती वाकवली की आत चुरचुर आवाज यायचा. कापून बघितली तर तांबं काळं झालेलं आणि निम्मे धागे तुटलेले. डेल्कोच्या आत, बेस प्लेटला अर्थ देणारी जी बारीक विणलेली पट्टी असते, तीही एका धाग्यावर लोंबत होती. ०.६ व्होल्टचं उत्तर तिथे मिळालं. अण्णा शेजारी स्टुलावर बसून हे सगळं बघत होते. ती कापलेली वायर त्यांनी हातात घेतली, बोटांनी काळी पूड चोळली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाच वर्षं ही अशी धावली."

वायरिंगला आम्हाला तीन रविवार लागले. मामांचा नियम होता की जुन्या वायरीला नवी वायर जोडायची नाही, टोकापासून टोकापर्यंत नवी घालायची. पण खरी सुधारणा झाली ती रिलेने. पद्मिनीत कॉइलला लागणारा सगळा करंट किल्लीतून जायचा, आणि त्या किल्लीचे संपर्क पस्तीस वर्षांचे. रिले लावला की किल्लीने फक्त इशारा द्यायचा, ओझं रिलेने उचलायचं. चार पाय असलेला साधा ४० अँपिअरचा रिले घेतला. बॅटरीच्या प्लसवरून अडीच एमएमची वायर, बॅटरीजवळच १५ अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेच्या ३० नंबरला. ८७ नंबरवरून थेट कॉइलच्या प्लसला. किल्लीकडून पूर्वी कॉइलला येणारी वायर आता ८६ ला, आणि ८५ बॉडीच्या अर्थला. रिलेला चालू राहायला अँपिअरच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतका करंट पुरतो, तेवढा ती म्हातारी किल्ली सहज देते. फ्यूज बॅटरीजवळच का, हे मी मुद्दाम सांगते: फ्यूजच्या अलीकडची वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर तिला वाचवणारं कोणी नसतं, म्हणून ती जितकी आखूड तितकी चांगली.

थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाला बसणारं धातूचं टोपण, दाबण्यावरून मामांचा आणि माझा वाद झाला. मी सोल्डर करू म्हणत होते. ते म्हणाले, इंजिनपाशी सोल्डर केलेली वायर ताठ होते आणि सोल्डर संपतो तिथेच थरथरून तुटते, थिंबल नीट पकडीने दाबावं आणि वर स्लीव्ह चढवावी. त्यांचं बरोबर होतं. मी दाबलेली पहिली चार थिंबलं त्यांनी ओढून काढून दाखवली. पाचवं निघालं नाही.

अर्थकडे लोक बघत नाहीत. प्लसची वायर कितीही जाड घाला, परतीची वाट गंजलेली असेल तर उपयोग नाही. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, बॉडीशी त्याचा विद्युत संबंध येतो तो फक्त एका पट्टीने. आम्ही बॅटरीच्या मायनसवरून एक पट्टी बॉडीला आणि दुसरी थेट गिअरबॉक्सच्या बोल्टला दिली. बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने घासून लखलखीत धातू काढला, घट्ट केल्यावर वरून ग्रीस लावलं.

पुन्हा मीटर लावला. बॅटरी १२.४, कॉइलचा प्लस १२.२, मायनसच्या बाजूचं नुकसान ०.१५. पॉइंट साधेच, कंडेन्सर जुनाच. सेल्फला हात लागतो न लागतो तोच इंजिन पेटलं. अण्णांनी मान एका बाजूला कलती केली, ते आवाज ऐकताना करतात तशी, आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. त्याच दुपारी आम्ही तासगावला जाऊन आलो. ऊन तेच होतं. एकदाही आचका नाही.

म्हणजे खरं तर काम इथेच झालं होतं. किट घेण्याच्या आधी मी मीटर लावला असता तर अंकलीच्या पुलावरचं दुखणं थोड्याशा वायरीत आणि एका रिलेत बरं झालं असतं. तरी किट बसवलीच, कारण आमच्या डेल्कोच्या दांड्यात खेळ आला होता. फट मोजायचा फिलर गेज लावला तर दांड्यावरच्या दोन उंचवट्यांवर (कॅमवर) पॉइंटचं अंतर ०.४० मिलिमीटर यायचं आणि उरलेल्या दोनांवर ०.३०. म्हणजे चार सिलिंडरना ठिणगी थोडी मागेपुढे मिळत होती. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडतात आणि मिटतात. दांडा डगमगत असेल तर त्या शंभरात सारखेपणा कुठून येणार? कुपवाडच्या एका लेथवाल्याकडून नवा बुश करून घेतला, तरी किंचित खेळ राहिलाच. मॅग्नेटच्या किटला एवढा खेळ चालतो.

या वेळी किट पहिल्या झटक्यात चालली. पण गाडी पळवली की मिसिंग, म्हणजे मधूनच ठिणगी चुकायची, आणि रेडिओत खरखर. मामांना हे नवीन होतं, त्यामुळे इथे मला माझं भौतिकशास्त्र कामाला आलं. आमच्या प्लगच्या वायरी आत साध्या तांब्याच्या होत्या. ठिणगी उडते तेव्हा अशा वायरी ट्रान्समीटरसारख्या लहरी सोडतात. पॉइंटला त्याचं काही वाटत नाही, पण इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल त्या लहरींनी गोंधळतं. आत कार्बनचा धागा असलेल्या, रेझिस्टन्सच्या वायरी आणल्या.

त्या बदलताना अण्णांनी मदत म्हणून चारही वायरी एकदम उपटल्या. एकेक काढून तिच्या जागी एकेक नवी लावायची असते. आता कुठली कुठे? पेटण्याचा क्रम १-३-४-२ हे मामांना पाठ होतं, पण रोटर कुठल्या दिशेने फिरतो हे कोणाच्या लक्षात नव्हतं. मी अंदाजाने लावल्या आणि कार्ब्युरेटरमधून असा फटका आला की शेजारच्या काकू गॅलरीत धावत आल्या. मग शहाण्यासारखं केलं. किल्ली बंद. रेडिएटरकडचा एक नंबरचा प्लग काढला, भोकावर अंगठा धरला, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली आणि अण्णा व मामांनी ती हळूहळू पुढे ढकलली. हवा अंगठ्याला बाहेर लोटायला लागली की एक नंबरचा पिस्टन दाबाच्या फेऱ्यात वर येतोय. पुलीवरची खूण जुळली तिथे थांबवलं. त्या क्षणी रोटरचं तोंड कॅपच्या ज्या खांबाकडे, तो एक नंबर. आणखी थोडं ढकललं तेव्हा रोटर फिरण्याची दिशा डोळ्यांनी दिसली. त्या दिशेने १-३-४-२ मोजत वायरी लावल्या. अण्णांनी कॅपवर पांढऱ्या रंगाने एकचा आकडा काढून ठेवला आहे.

टायमिंगला, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडावी ते जुळवायला, मात्र मामांची टेस्ट लॅम्पची रीत चालेना. पॉइंट असताना ते कॉइलच्या मायनसला दिवा लावायचे, पॉइंट उघडले की दिवा पेटायचा, डेल्को तिथे आवळायचा. किटमध्ये इंजिन चालू ठेवून, ठिणगीबरोबर चमकणाऱ्या स्ट्रोब लाइटने बघावं लागतं. लाइट एका ओळखीच्या वर्कशॉपमधून आणला. अंधार पडायला लागल्यावर पुलीवरची खूण चुन्याने रंगवली आणि लाइट मारला. फिरणारी पुली जागच्या जागी थांबल्यासारखी दिसते आणि खूण स्थिर. इंजिन रेस केलं की खूण सरकते, डेल्कोमधली वजनं पसरून ठिणगी आधी पाडतात त्याची ती निशाणी. मामा वाकून बघत होते. चाळीस वर्षं त्यांनी हातांनी जे जमवलं होतं ते त्यांना पहिल्यांदा डोळ्यांनी दिसत होतं. त्यांनी लाइट माझ्या हातातून घेतला आणि चार-पाच वेळा इंजिन रेस करायला लावलं. गंमत म्हणजे त्यांनी कानाने लावलेलं टायमिंग जेमतेम दोन अंशांनी चुकलं होतं.

चढावर बघावं म्हणून दंडोबाच्या डोंगरावर नेली, चौघं बसून. भोसे गावानंतरच्या चढाला पूर्वी दुसऱ्या गिअरमध्येही रडायची, या वेळी तिसऱ्यात गेली. प्लग काढून बघितले तर चारही सारखे, फिकट तपकिरी. पूर्वी दोन काळे निघायचे.

जुने पॉइंट, कंडेन्सर आणि बेस प्लेट मी स्टीलच्या डब्यात घालून डिकीत ठेवलं आहे. सोबत स्क्रू ड्रायव्हर आणि फिलर गेज. मॉड्यूल गेलं तर रस्त्यावर दुरुस्त होत नाही, पॉइंट अर्ध्या तासात बसतात. आणखी एक सवय लावून घ्यावी लागली. इंजिन बंद असताना किल्ली ऑन ठेवायची नाही, कॉइल तापते. अण्णा रेडिओ ऐकत बसायचे, म्हणून रेडिओला वेगळी वायर काढून दिली.

पुढच्या पौर्णिमेला आम्ही पुन्हा वाडीला गेलो. येताना ऊन तसंच होतं, वेळही साधारण तीच. अंकलीच्या पुलाच्या तोंडाशी अण्णांनी गाडी कडेला घेतली आणि स्वतःच्या हाताने किल्ली बंद केली. आईने दचकून विचारलं, "अहो, पुन्हा काय झालं?" ते काही बोलले नाहीत. काच खाली करून नदीकडे बघत पाचेक मिनिटं बसले. इंजिनमधली ऊब आत येत होती. मग त्यांनी किल्ली फिरवली.